ऑक्सिजन, पोलाद आणि हवेचे अर्थशास्त्र

हवेत आकारमानाने सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. प्रदूषण वाढले म्हणजे ऑक्सिजन घटला, असा समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. तो बरोबर नाही. औद्योगिक शहरातही हे प्रमाण जवळपास तेवढेच राहते. प्रश्न असतो तो ज्वलनातून निर्माण होणाऱ्या घातक वायूंचा आणि धूलिकणांचा. छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याच्या उदाहरणावरून हे समजून घेता येईल.

सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहरा खाणींतील लोहखनिज हे मुख्यत्वे लोहाचे ऑक्साइड होय. झोतभट्टीत कोक जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो व तप्त कोकच्या सान्निध्यात त्याचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते. हा वायू खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि लोह सुटे होते. यालाच क्षपण म्हणतात. पुढे पोलाद बनवताना वितळलेल्या लोहात शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडून अतिरिक्त कार्बन जाळतात. हे ऑक्सिडीकरण होय. त्यासाठी हवा द्रवरूप करून तिच्यातील ऑक्सिजन वेगळा केला जातो. २०२१ मधील कोविड लाटेत भिलाईसह अनेक पोलाद कारखान्यांनी असाच द्रवरूप ऑक्सिजन रुग्णालयांना पुरवला.

भट्टीत उपयुक्त असलेला कार्बन मोनॉक्साइड शरीरात मात्र विषारी ठरतो, कारण रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याच्याशी दोनशेहून अधिक पट सहजतेने जोडले जाते. भट्टीतून निघणारा हा वायू इंधन म्हणून वापरता येत असल्याने तो गोळा करणे कारखान्याच्याही हिताचे असते. चिमणीतून निसटणाऱ्या सूक्ष्म धुळीला मात्र अशी बाजारपेठ नाही. तिच्यामुळे होणाऱ्या आजारांचा खर्च पोलादाच्या किमतीत येत नाही. तो परिसरातील कुटुंबे सोसतात. अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये खासगी व सामाजिक खर्चातील ही तफावत मांडली होती.

ही तफावत बाजार आपोआप भरून काढत नाही; म्हणून शासनाचा हस्तक्षेप आवश्यक ठरतो. देशात १९८१ मध्ये वायुप्रदूषणविषयक कायदा झाला. २००९ च्या मानकांनुसार २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या धूलिकणांची वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात छत्तीसगडमधील रायपूर व कोरबा यांच्याबरोबर भिलाईचाही समावेश झाला. धूळ रोखणाऱ्या यंत्रणेचा खर्च उत्पादनखर्चात धरला गेला, तरच पोलादाची खरी किंमत कळेल आणि तिचा भार श्रमिक वस्त्यांतील मुलांच्या फुफ्फुसांवर पडणार नाही.