वग कुठे गेला? जुन्नर-आंबेगावच्या तमाशा रसिकांची कुरकुर

चैत्र-वैशाखात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगाव जत्रा भरतात. दिवसा घाटात बैलगाडे पळतात, रात्री तमाशा असतो. तमाशा सुटल्यावर घराकडे निघालेली जुनी माणसे चालता चालता फडाला नावे ठेवत असतात. गण उरकला, गवळण आटोपती घेतली, बतावणी मागच्या वर्षीचीच होती आणि वग तर उभाच राहिला नाही, असे त्यांचे म्हणणे असते. गंमत अशी, की हीच माणसे चार दिवसांनी शेजारच्या गावात त्याच फडापुढे मांडी घालून बसलेली दिसतात. ज्याला तमाशाचे सोयरसुतक नाही तो तक्रार करत बसत नाही, उठून जातो. तक्रार करतो तो रसिकच. त्याची ही कुरकुर ‘आमच्या वेळी असे नव्हते’ या छापाची म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे. मला ती तशी वाटत नाही. तिच्यात तमाशाच्या आजच्या व्यवहाराचा बराच हिशेब दडलेला आहे.

हा व्यवहार ठरतो तो नारायणगावात. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा नावाजलेला फड इथला, आणि भाऊंची मुलगी विठाबाई (१९३५–२००२) इथलीच. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते विठाबाईंचा गौरव झाला. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिट्यांची माणसे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत जातात, तारीख सांगतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन मोकळी होतात. बोलणे होते ते आकड्यावर, कलावंतिणींच्या संख्येवर, लाइट आणि साउंडवर. कोणता वग करणार, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

रसिकाची पहिली तक्रार मात्र नेमकी वगाचीच असते. गण, गवळण, बतावणी आणि वग असा ढोलकी फडाच्या तमाशाचा क्रम. त्यातली बतावणी आणि वग कागदावर फारसे नसत. कथानकाचा सांगाडा ठरलेला, संवाद मात्र उभ्या उभ्या जुळवायचे. सोंगाड्या त्या गावातला पाण्याचा प्रश्न, बाजारभाव, सरपंचाची फजिती असे काहीबाही उचलून बोलण्यात ओवायचा. दादू इंदुरीकरांचे ‘गाढवाचं लग्न’ पाहायला लोक पुन्हा पुन्हा जात, ते पुढे काय होणार म्हणून नव्हे. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. सावळ्या कुंभार आज काय बोलतो, हे ऐकायचे असे. एकच वग दहा गावांत पाहणाऱ्याला दहा वेगळे खेळ पाहिल्याचे समाधान मिळे.

आता खेळाचा मोठा भाग सिनेमातल्या गाण्यांवरच्या नाचांनी भरतो. ढोलकीच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. नाच बसवलेला असतो, गाण्याची लांबी ठरलेली असते, निवेदनही ठरलेले. वर्षातून एकदा आपल्या गावच्या जत्रेत तमाशा पाहणाऱ्याला यात काही खटकत नाही, कारण त्याच्यासाठी सगळेच नवे असते. खटकते ते फडामागे गावोगाव फिरणाऱ्याला. घोडेगावला पाहिलेला कार्यक्रम त्याला ओतूरला जसाच्या तसा दिसतो. म्हणजे जो सर्वांत निष्ठावान, त्याच्याच पदरी सर्वांत जास्त कंटाळा येतो. आपल्या जिभेवर खेळलेला विनोद आणि पाठ केलेला विनोद यांतला फरक कळायला दोन रात्री बसावे लागते, आणि तेवढे बसतो तो हाच माणूस.

दुसरी तक्रार वेळेची. पूर्वी वग पहाटेपर्यंत चाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी घातली. सण-उत्सवांसाठी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. खेळ या घड्याळाला बांधला गेला की काहीतरी कापावे लागते. गाणी कापली तर पुढे बसलेली तरुण मंडळी शिट्ट्या मारून हैराण करतात. वग कापला तर मागे बसलेले म्हातारे नुसतेच पुटपुटतात. कात्री कुठे चालणार, हे सांगायला नको.

तिसरे कारण पैशाचे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. कनातीतल्या तिकिटाच्या खेळात प्रत्येक प्रेक्षक स्वतःचे पैसे मोजतो. खेळ पडला तर दुसऱ्या दिवशी गल्ला बसतो आणि फडमालकाला उत्तर मिळते. सुपारीच्या खेळात पैसे गावच्या वर्गणीतून जातात, प्रेक्षक फुकट बसतो. फडाला खूश ठेवायचे असते ते कमिटीला, आणि कमिटीला हवी असते गर्दी आणि गावची शान. वर्गणी रसिकानेही दिलेली असते, पण गिऱ्हाईक तो राहिलेला नसतो. त्याच्या नाराजीने कोणाचा गल्ला कमी होत नाही. म्हणून ती नाराजी पारावर आणि बांधावर बोलली जाते, राहुटीपर्यंत पोचत नाही.

फडमालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. दसऱ्याला फड बाहेर पडतो, त्याआधी कलावंतांना उचल द्यावी लागते. ती बहुधा कर्जाऊ पैशातून. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे, शिवाय ट्रक, तंबू, जनरेटर. तिथीला बांधलेल्या जत्रा एकमेकींवर येतात, त्यामुळे कमाईच्या रात्री मोजक्याच. आज इथे तर उद्या पन्नास कोसांवर. २०२० आणि २०२१ हे दोन्ही जत्रा-हंगाम करोनात बुडाले, पण कर्जाचे व्याज थांबले नाही. अशा वेळी नव्या वगाची तालीम घेण्यापेक्षा चाललेले गाणे पुन्हा चालवणे कोणालाही सोपे वाटेल. प्रवासाने शिणलेली गायिका दोनच गाणी म्हणून आत गेली, तर त्यात तिची हयगय असतेच असे नाही.

हे दुखणे एकट्या तमाशाचे नाही. १९६६ साली बॉब डिलन दौऱ्यावर असताना मैफलीच्या पूर्वार्धात एकटा गिटार घेऊन गाई आणि उत्तरार्धात विजेची वाद्ये घेऊन येई. मँचेस्टरच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून कोणीतरी त्याला ‘ज्यूडास’, म्हणजे विश्वासघातकी, म्हणून ओरडले. शिवी मोठी होती, पण विश्वासघात आपल्या माणसाकडूनच होतो, परक्याकडून नाही. फरक एवढाच, की डिलनचे ते पाऊल त्याने स्वतः उचलले होते. आपल्या फडांना ते बहुतेक वेळा परिस्थितीने उचलायला लावले आहे.

नाटकाला समीक्षक मिळाले, संगीताला जाणकार लेखक मिळाले. फडावरच्या तमाशाचा कालचा खेळ कसा झाला, हे मात्र फारसे कोणी लिहून ठेवले नाही. कोणत्या सोंगाड्याने कोणत्या गावात काय म्हटले, गवळणीत मावशीने कोणाची कशी जिरवली, हे सगळे या कुरकुरणाऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. त्यांची तक्रार म्हणजे या कलेची तोंडी समीक्षा आहे, आणि ती करणारे आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. ते गप्प झाले, की कापलेला वग कापला गेला होता हेही कोणाला कळणार नाही.

म्हणून मला वाटते, या कुरकुरीची जागा बदलायला हवी. पाडव्याला नारायणगावी जाणाऱ्या कमिटीच्या जीपमध्ये गावातला एक तरी जुना रसिक बसवावा. आकड्यावर बोलणे सुरू होण्यापूर्वी त्याने एवढेच विचारावे, की वग कोणता करणार आणि त्याला किती वेळ देणार. दोन तास वगाला राखून ठेवायचे बोलीत ठरले, तर फडमालकालाही तालमीचा खर्च परवडेल. हंगामात अशी दहा गावे निघाली, तरी सोंगाड्याला पुन्हा काही जुळवण्याचे कारण मिळेल.