‘गो-अराउंड’ म्हणायची हिंमत

लँडिंगच्या ऐन वेळी यंत्राने दगा दिला, तर कॉकपिटमधले दोघं काय ठरवतात? कसं ठरवतात? आणि रोज बॉससमोर बसणाऱ्या तुम्हा-आम्हाला त्यातून काय घेता येईल?

भर पावसाळ्यातलं मुंबईचं लँडिंग. बाहेर नुसते ढग. चाकं उतरल्याचा तो ओळखीचा आवाज येतो, खालच्या इमारती दिसायला लागतात आणि अचानक इंजिनं गरजून विमान पुन्हा वर! भोकरदन-हसनाबादकडून चिकलठाण्याला येऊन पहिल्यांदा विमानात बसलेला इंजिनीअर असो की महिन्यातून चारदा उडणारा कन्सल्टंट, पोटात गोळा दोघांच्याही येतो. उतरल्यावर पहिला मेसेज ठरलेला, ‘आज वाचलो रे!’

खरं तर त्या क्षणी वैमानिकाने सगळ्यात शहाणपणाचं काम केलेलं असतं. याला म्हणतात ‘गो-अराउंड’. नियम साधा आहे. ठरलेल्या उंचीवर येईपर्यंत वेग, खाली येण्याचा दर आणि दिशा सगळं जागेवर हवं. नसेल तर वाद नाही, विमान वर घ्यायचं.

एक वायपर आणि एक निर्णय

ऐकायला सोपं वाटतं ना? मग ७ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ आठवा. वंदे भारत मोहिमेतलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबई-कोझिकोड विमान. आत १९० माणसं. कॅप्टन होते दीपक साठे. एनडीएतून घडलेले, हवाई दलाच्या अकादमीत ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’ मिळवलेले, टेस्ट पायलट राहिलेले, दहा हजारांहून जास्त तास उडलेले. शेजारी ३२ वर्षांचे सहवैमानिक अखिलेश कुमार.

बाहेर धो धो पाऊस. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर जेमतेम अर्धा मिनिट चालला आणि बंद पडला. विमान वर घेतलं गेलं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. दुसरा प्रयत्न झाला विरुद्ध दिशेने. तिकडून येताना वारा पाठीमागून होता आणि धावपट्टी ओली. पाठीमागून वारा म्हणजे जमिनीवरचा वेग जास्त, थांबायला जागाही जास्त लागणार. आणि कोझिकोडची धावपट्टी ‘टेबलटॉप’, म्हणजे डोंगरमाथ्यावरची. संपली की पुढे उतारच.

साधारण २,७०० मीटरच्या धावपट्टीवर विमान टेकलं ते जवळपास निम्मी धावपट्टी मागे टाकून. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २१ जणांचा जीव गेला. त्यात दोघंही वैमानिक होते.

अहवाल काय सांगतो?

विमान अपघात अन्वेषण ब्यूरोचा अहवाल २०२१ मध्ये आला. वायपर बिघडला म्हणून अपघात झाला, असं तो म्हणत नाही. अस्थिर अप्रोच तसाच पुढे रेटला गेला, हे त्याने मुख्य कारण ठरवलं. खाली येण्याचा दर जास्त आहे याकडे सहवैमानिकाने लक्ष वेधलं होतं. शेवटी त्याने ‘गो-अराउंड’ही म्हटलं. पण विमान वर गेलं नाही आणि त्यानेही कंट्रोल्स स्वतःकडे घेतले नाहीत.

का? अहवालात एक शब्द येतो, अधिकाराची ‘तीव्र उतरंड’. सोप्या मराठीत, सीनियर आणि ज्युनिअरमधलं अंतर फार. त्यात कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच पुढचं विमान न्यायचं होतं आणि तिथे कॅप्टनची संख्या अपुरी होती. इंधन पुरेसं होतं, दुसऱ्या विमानतळावर जाता आलं असतं. पण ‘इथेच उतरायचं’ हे एकदा मनात बसलं की पर्याय दिसेनासे होतात. म्हणूनच अहवालाने बोट फक्त दोन माणसांकडे दाखवलं नाही, कंपनीच्या व्यवस्थेतल्या त्रुटींकडेही दाखवलं.

चाकाचा बिघाड, इंधनाचा खडखडाट

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडला उतरताना युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट १७३ च्या चाकांमध्ये बिघाड झाला. कॅप्टन त्यातच अडकले, विमान घिरट्या घालत राहिलं. इंधन कमी होतंय हे सहकाऱ्यांना दिसत होतं, पण कुणी ठणकावून सांगितलं नाही. शेवटी इंजिनं बंद पडली आणि विमान शहराच्या वस्तीत कोसळलं. दहा जण गेले. अशा अपघातांतूनच ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ आलं. थोडक्यात काय, तर कॅप्टनने विचारायला शिकायचं आणि ज्युनिअरने बोलायला.

ते जमलं की काय होतं, तेही बघा. ११ सप्टेंबर २०१८. एअर इंडियाचं दिल्ली-न्यूयॉर्क विमान, आत ३७० जण. पंधरा तासांच्या प्रवासानंतर केनेडी विमानतळावर ढग खाली आलेले आणि उतरताना मार्ग दाखवणारी यंत्रणा बिघडलेली. जोडीला आणखीही यंत्रं बंद, इंधन मोजकंच. कॅप्टन रुस्तम पालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लपवाछपवी केली नाही. काय काय बंद आहे ते कंट्रोलला स्पष्ट सांगितलं, केनेडीचा हट्ट सोडला, पर्याय तपासले आणि नेवार्कला विमान सुखरूप उतरवलं.

कॉकपिटचा फंडा, आपल्या डेस्कसाठी

• बिघाड झाला की आधी विमान सांभाळा, मग दिशा, मग बोलणं. ऑफिसातही आधी काम सावरा, ई-मेल नंतर.
• ‘सर, जरा बघा ना’ असं पुटपुटू नका. काय चुकतंय आणि काय करायला हवं, दोन्ही स्पष्ट सांगा.
• बॉस असाल तर ज्युनिअरचा ‘थांबा’ अपमान समजू नका.
• परत फिरायचं कधी, हे आधीच ठरवा. ऐन वेळी मन ‘होईल रे’ म्हणतंच.

आपल्याकडे अनुभवी माणसाला मध्येच टोकणं म्हणजे उद्धटपणा. घरात तेच, ऑफिसात तेच. पण दहा हजार तास उडलेल्या माणसालाही पावसात समोरचं दिसेनासं होऊ शकतं. तेव्हा शेजारच्याचा आवाज हाच दुसरा वायपर.

म्हणून पुढच्या वेळी उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं, तर वैतागू नका. वीस मिनिटं उशीर होईल, कनेक्टिंग कॅब चुकेल, एवढंच. कॉकपिटमध्ये कुणीतरी वेळेवर ‘नको’ म्हटलंय आणि दुसऱ्याने ते ऐकलंय.