कर्ता कोण? अहंकाराविषयी थोडे

अहंकार हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. ‘त्याला फार अहंकार आलाय’ म्हटले की विषय संपला. पण सांख्यांच्या शास्त्रात तो शिवी नव्हे, तो एक टप्पा आहे. प्रकृतीपासून बुद्धी, बुद्धीपासून अहंकार, आणि मग त्यातून मन, इंद्रिये वगैरे पुढचा सारा पसारा. तिथे अहंकार म्हणजे ‘मी’ अशी नुसती जाणीव. ही जाणीव लागतेच. इथे जामच्या चौरस्त्यावर हैदराबादकडून भरधाव ट्रक येतो, तेव्हा ‘मी’ असतो म्हणून तर आपण मागे सरतो ना? तेव्हा अहंकार समूळ उपटायचा वगैरे भाषा आम्हाला फारशी पटत नाही. अडचण ‘मी आहे’ म्हणण्यात नाही. ‘मीच केले’ म्हणण्यात आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. बहुतेक भाष्यकार अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ करतात. आपण शेतकरी माणसे, आपण त्याला जमीन म्हणू. करण म्हणजे साधने : वखर, डवरा, फवारणीचा पंप, बैलजोडी. चेष्टा म्हणजे पेरणीपासून वेचणीपर्यंतची सगळी धडपड, आणि त्यातली निंदण-वेचणीची धडपड बहुतेक बायांची असते, हेही मोजा. दैवात मृगाचा पाऊस आला, बोंडअळी आली. आम्ही तर हिंगणघाटच्या बाजारातला भावही त्यात धरतो, कारण तो ठरवणारी माणसे आपल्या ओळखीची नाहीत. या पाचांत ‘कर्ता’ हा एक आहे. पाचातला एक. गीता त्याला काढून टाकत नाही, बरं का! तो आहेच. पण जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, एवढेच ती म्हणते.

आता हे नुसते पोथीतले राहत नाही. कापूस चांगला झाला की गडी पारावर बसून सांगतो, ‘यंदा मी एवढा पिकवला.’ आपणही मान डोलावतो. पण ज्या वर्षी बोंडे किडतात, त्या वर्षी तोच हिशेब त्याच्या अंगावर उलटतो. पिकवला मी, तर बुडवलाही मीच. घर बुडाले ते माझ्यामुळे, पोरीचे लग्न थांबले ते माझ्यामुळे. आपल्या जिल्ह्याने असे किती संसार पाहिले आहेत, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. कर्ज, भाव, पाऊस, बियाणे ही कारणे खरीच आहेत आणि त्यांचा जाब ज्यांना विचारायचा त्यांना विचारलाच पाहिजे. पण एकट्याने सगळा भार उचलायची जी सवय आहे, तीही अहंकाराचीच दुसरी बाजू आहे. ती फुशारकीसारखी दिसत नाही, म्हणून आपण तिला ओळखत नाही. पाच कारणांचा हिशेब अशा माणसाला सांगावा. ‘तू पाचातला एक आहेस, भाऊ’ हे त्याला ऐकू येणे फार गरजेचे असते, आणि ते शेजाऱ्याने, सोयऱ्याने वेळेवर सांगावे लागते.

बरे, हे समजले म्हणून सवय सुटते का? नाही सुटत. उलट ‘मी किती नम्र’ असा नवाच अहंकार तयार होतो, आणि तो जुन्यापेक्षा चिवट. म्हणून आपल्याकडे हे काम नुसत्या विचारावर सोडले नाही, हातांना दिले. इथून लांब जायला नको. 1946 मध्ये विनोबा पवनारहून रोज सुरगावला पायी जाऊ लागले, खांद्यावर फावडे घेऊन, मैला उचलायला. वर्षाहून जास्त काळ हे चालले. या कामाची गंमत अशी, की आज साफ केलेली जागा उद्या पुन्हा घाण होते. दाखवायला हातात काही उरत नाही. ‘मी केले’ म्हणायला जागाच नाही!

पण इथे थांबून एक गोष्ट बोललीच पाहिजे. विनोबांसाठी हे व्रत होते. त्यांनी ते निवडले होते. ज्यांच्यावर जातीने हेच काम पिढ्यान्‌पिढ्या लादले, त्यांना कुणी ‘अहंकार सोडा’ म्हणून उपदेश करावा का? आमच्या मते मुळीच नाही. ज्याला ‘मी’ म्हणूच दिले नाही, त्याने सोडायचे काय? चोखोबांना मंदिराच्या बाहेर ठेवले, तेव्हा अहंकार आतल्यांपाशी होता. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी 1928 मध्ये सर्वांना खुले केले. तेव्हा जे सुटले ते मालकाचे मालकपण, येणाऱ्याचा मान नव्हे. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांच्या बरोबर लाखो माणसे बुद्धाच्या वाटेने निघाली, तीही ताठ मानेने. त्या बुद्धाची शिकवण तर अनात्माची! ‘मी’ असा कायमचा गाभा कुठे सापडत नाही, असे तो सांगतो. ताठ मान आणि अनात्म, दोन्ही एका वाटेवर चालतात. स्वाभिमान आणि अहंकार यांची गल्लत करणारे बहुधा वरच्या पायरीवर बसलेले असतात, असा आमचा अनुभव आहे. आपल्याच तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्यात सगळ्या जातीधर्माची माणसे जातात. सूफी ज्याला नफ्स म्हणतात, त्याच्याशी झगडा हा त्यांच्याही साधनेचा पाया आहे. त्यावर कधी वेगळे बोलू.

आता शेवटचा मुद्दा, पवनारचाच. 1959 मध्ये विनोबांनी तिथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. तिथली साधना सामूहिक. शेती, स्वयंपाक, झाडलोट, ‘मैत्री’ मासिकाचे काम, सारे त्यांनीच करायचे. वर कुणी प्रमुख नाही आणि निर्णय सर्वानुमतीने. बहुमताने नव्हे, हे लक्षात घ्या. बहुमतात हरलेला गप्प बसतो आणि जिंकलेला फुगतो, आपल्या ग्रामसभेत पाहतोच आपण. सर्वानुमतीत एकीलाही पटले नाही, तर गोष्ट तिथेच थांबते. मग ज्यांना ती घाईने हवी असते त्यांना थांबावे लागते, पुन्हा समजावून सांगावे लागते, कधी आपलेच म्हणणे बदलावे लागते. आणि जी एकटी अडून बसली आहे, तिलाही स्वतःला विचारावे लागते, की मला हे खरेच पटत नाही, की फक्त माझे ऐकले गेले नाही म्हणून राग आहे? आपल्या बचत गटात एखादा निर्णय असा करून पाहा. खतासाठी एकत्र पैसे काढायचे की नाही, इतका साधा असला तरी चालेल. वेळ लागेल, आणि पहिल्या दोन बैठका तर भांडणातच जातील.