भरावावर उभी मुंबई

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून निघून हावडा-मुंबई मेलने येणाऱ्या प्रवाशाला, कुर्ला मागे टाकून शीव गाठताना आपण एका बेटावर प्रवेश करीत आहोत, याची जाणीवही होत नाही. वस्तुतः ‘शीव’ म्हणजे हद्द. साष्टीची भूमी येथे संपत असे, आणि पलीकडे खाडीचे पाणी लागत असे.

१६६८ साली इंग्लंडच्या राजाने वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलेली मुंबई ही सलग भूमी नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ती सात बेटे होती. त्यांच्यामधील सखल भागात भरतीला समुद्र शिरे आणि ओहोटीला चिखल उरे. उमरखाडी व पायधुणी ही नावे त्या काळाची साक्ष देतात. खाडी ओलांडून आलेला वाटसरू जेथे चिखलाचे पाय धूत असे ती पायधुणी, असे परंपरा सांगते.

समुद्राचा सर्वांत मोठा शिरकाव महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून होत असे. गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या अखेरीस, ते बांध घालून बुजविण्यात आले. बांध पुनःपुन्हा ढासळत असता रामजी शिवजी या प्रभू गृहस्थास देवीने दृष्टान्त दिला आणि समुद्रातून मूर्ती वर काढल्यावर काम तडीस गेले, अशी आख्यायिका आहे. बांधामुळे आतील जमीन उघडी पडली. मग टेकड्या फोडून, शहराचा केरकचरा टाकून ती हळूहळू भरण्यात आली. १८०३ मध्ये शीवचा, १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून माहीमचा सेतू झाला. बेटे जोडली गेली.

पुढे गरजेच्या जोडीला लोभही आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा बॅक बे भरण्यासाठी निघालेल्या कंपनीच्या भागांवर लोक तुटून पडले. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला. १९२० नंतर सरकारने तीच योजना पुन्हा हाती घेतली. तिच्यातील गैरकारभारावर खुर्शेद नरिमन यांनी टीकेची झोड उठविली. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि त्यात ते निर्दोष ठरले. पुढे त्याच किनाऱ्यावरील भरावाला ‘नरिमन पॉइंट’ हे नाव मिळाले!

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भरावाने समुद्र मागे हटतो. पावसाचे पाणी मात्र हटत नाही. बेटांमधील सखल जमीन भरतीच्या पातळीच्या फारशी वर नाही. नाल्यांतून पाणी समुद्रात जाते ते ओहोटीच्या वेळी. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की नाल्यांची तोंडे जणू बंद होतात, आणि पाणी आपल्या जुन्या खाड्यांच्या जागी येऊन उभे राहते. म्हणूनच हाजीअली, वरळी, रे रोड येथे प्रचंड पंप बसवावे लागले. साष्टीतही हाच न्याय लागू पडतो. मिठी नदीचे पात्र आणि तिच्या मुखाजवळची खाजणे भराव व वस्तीने आवळली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्या आवळण्याचे परिणाम शेकडो कुटुंबांनी भोगले.

सिंगापूर, मकाव यांनीही समुद्र भरूनच आपला विस्तार वाढविला आहे, आणि मुंबईचा भरावही थांबलेला नाही. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्गही काही अंशी नव्या भरावावरच उभा आहे. त्या कामात वरळीच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांसाठी पुलाच्या खांबांमध्ये अधिक वाट मागितली, आणि ६० मीटरचे अंतर १२० मीटर करण्यात आले. कोळ्यांचे हे मागणे लहान दिसले, तरी त्यात या बेटांचा सारा धडा सामावला आहे. जमीन वाढविताना पाण्याची वाट राखावी लागते; ती राखली नाही, तर पाणी ती स्वतःच शोधून काढते.