मुंबई सेंट्रल म्हणजे मध्य नव्हे

म्हसळ्याहून निघालेली एसटी रात्री मुंबई सेंट्रलच्या आगारात शिरली आणि धाकट्याने समोरच्या रेल्वे स्टेशनची पाटी वाचून जाहीर केलं, "आपा, हेच मुंबईचं सेंटर. सेंट्रल लिहिलंय बघ!"

त्याची आपा, म्हणजे माझी थोरली, हसली नाही. दोन दिवसांनी तिचं भायखळ्याजवळचं कॉलेज सुरू होणार होतं आणि त्याच भागातल्या होस्टेलात तिला एकटीला राहायचं होतं. सासूबाईंचा विरोध होता. "एवढ्या मोठ्या शहरात पोर हरवली तर?" हा त्यांचा एकच प्रश्न. कुवेतहून तिच्या अब्बांचा फोन आला, "फिरायचं तर टॅक्सीनेच फिरा." मी उलट ठरवलं. तीन वर्षं काही ती टॅक्सीने फिरणार नाही. तेव्हा मधल्या एका दिवसात बस आणि लोकलने तिला मुंबई दाखवायची, आणि चुकली तर परत कुठे यायचं तेही पक्कं करायचं. धाकट्याने त्यात आपली भर घातली, "आधी मुंबईचा मध्य शोधू."

मुंबई सेंट्रलचा निकाल डोंगरीला नणंदेकडे पोहोचताच लागला. तिचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अरे, ही लाइन बांधणाऱ्या कंपनीचं नाव होतं बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. त्यातलं हे सेंट्रल." हे टर्मिनस १९३० सालचं. त्याआधी तिथल्या लोकल स्टेशनाचं नाव बेलासिस रोड होतं.

सकाळी मोहम्मद अली रोडवरून फोर्टची बस पकडली. बेस्टच्या बसवर पुढच्या बाजूला क्रमांक मराठी आकड्यांत असतो, हे थोरलीला फार आवडलं. बस समोर येईपर्यंत वाचून होतो आणि हात करायला वेळ मिळतो. साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२. सुटे पैसे हातात ठेवले की कंडक्टरही खूश.

हॉर्निमन सर्कलला उतरून सेंट थॉमस चर्चपाशी गेलो. हे चर्च १७१८ सालचं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इकडे रस्ता यायचा तो चर्चगेट. दरवाजा गेला, तटबंदी १८६०च्या दशकात पाडली, नाव मात्र स्टेशनाला चिकटून राहिलं. इंग्रजी अमलात मुंबईच्या रस्त्यांवरचे मैल याच चर्चपासून मोजायचे. तसे काळ्या दगडाचे जुने मैलाचे दगड अजून काही पदपथांवर आहेत. धाकटा खूश झाला. "म्हणजे सापडला मध्य!" पण आपा नकाशा बघत होती. "हा मध्य कसला? हे तर टोक आहे. इथून विरार साठ किलोमीटर." तिचं म्हणणं खरं होतं. चर्चगेट ते विरार अर्धं अंतर काढलं तर काटा मालाडच्या आसपास पडतो, आणि मालाडला मुंबईचा मध्य म्हणायला मालाडकरही तयार होणार नाहीत.

जोहरच्या आधी डोंगरीला परतलो. वाटेत नणंदेच्या यजमानांनी धाकट्याला जामा मशिदीत नेलं. १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. दगडी कमानी पाण्यातून वर येतात, आणि त्या हौजातले मासे मोजण्यात धाकट्याचा अर्धा तास गेला.

घरी जानमाज अंथरताना थोरलीने किबला विचारला. नणंद म्हणाली, "रेल्वेकडे पाठ कर." बोलणं साधंच, पण पोरीला मुंबईची किल्ली तिथेच मिळाली. मुंबईहून किबला पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे झुकलेला. रेल्वेचे रूळ दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. म्हणून बऱ्याच स्टेशनांना दोन बाजू, पूर्व आणि पश्चिम. पत्ता सांगतानाही लोक "अंधेरी पश्चिम", "कुर्ला पूर्व" असंच सांगतात. स्टेशनातून बाहेर पडताना किबला कुठे हे कळलं, की कोणत्या बाजूला उतरायचं ते कळलं. समुद्रावर मात्र भरवसा ठेवू नये. दक्षिणेकडे तो दोन्ही अंगांना आहे. माझे सासरे जहाजावर खलाशी होते आणि सुट्टीत डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीत उतरायचे. त्यांची मुंबई सुरू व्हायची ती पूर्वेच्या बंदरावर, भाऊच्या धक्क्याला. कोकणची आगबोट तिथे लागायची. त्यांना कोणी मुंबईचा मध्य विचारला असता तर त्यांनी धक्काच दाखवला असता.

जेवण करून मस्जिद स्टेशनात गेलो. इथे मला थोडं विषयांतर करू द्या. हे नाव जामा मशिदीवरून पडलं असावं अशी माझी समजूत होती. पण ते ज्यूंच्या प्रार्थनाघरावरून आलं, असं सांगतात. ते बांधलं १७९६ साली सॅम्युअल इझेकिएल दिवेकर यांनी. दिवेकर म्हणजे मुळात आमच्या श्रीवर्धनजवळच्या दिवेआगरचे, बेने इस्रायल. इंग्रजांच्या फौजेत असताना ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. ते बनी इस्राईलपैकी आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने, कुरआनात या लोकांचा उल्लेख आहे म्हणून, त्यांना जीवदान मिळवून दिलं, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर त्यांनी हे प्रार्थनाघर उभारलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. दिवेआगरच्या माणसाची आठवण मुंबईच्या एका स्टेशनाच्या नावात बसली आहे, हे ऐकून धाकट्याची छाती जरा फुगलीच.

मस्जिदहून धीमी लोकल पकडून दादरला उतरलो. आम्हाला माहीमला जायचं होतं, म्हणजे मध्य रेल्वेवरून पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर. आता दादरचे फलाट एकापासून चौदापर्यंत सलग आहेत, सात पश्चिमेचे आणि पुढचे सात मध्यचे. २०२३च्या डिसेंबरपर्यंत दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता आणि नवखी माणसं हमखास चुकायची. आम्ही नवा आकडा पाहून बरोबर फलाटावर पोहोचलो आणि तरीही चुकलो.

गाडी आली. लेडीज डब्यापाशी रेटारेटी झाली. थोरली आत ढकलली गेली, धाकट्याची चप्पल सुटली म्हणून मी वाकले, आणि गाडी हलली. तिचा मोबाइल चार्जिंग संपत आलं म्हणून माझ्या पर्समध्ये. चुकामूक झाली तर काय करायचं, हे "नंतर बोलू" म्हणत सकाळपासून राहून गेलेलं. सासूबाईंचा प्रश्न आठवला आणि हातपाय गार पडले.

पुढच्या गाडीत चढायला मी धावले, तर शेजारी फुलांची पाटी घेऊन बसलेल्या बाईंनी माझा हात धरला. "बाई, तुम्ही हलू नका. दोघींनी शोधायचं नसतं, एकीनं थांबायचं असतं. दादरला आहात न्हवं? मग पोरगी इथंच येणार. समद्या गाड्या हितं थांबतात."

त्यांनी धाकट्याला पाटीजवळ बसवलं. मी लेडीज डब्याच्या पाटीखाली उभी राहिले. गाडी धीमी होती हे नशीब. जलद गाडी दादरनंतर एकदम वांद्र्याला थांबते. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मी दुरूद पढत होते. मग पुलावरून ती खाली आली. मान उंच करून फलाटावर लेडीज डब्याची पाटी शोधत होती.

"माटुंगा रोडला उतरले," ती म्हणाली. "तिथे थांबले असते तर तुला कसं कळलं असतं? कुठूनही परत येता येईल अशी जागा दादरच. म्हणून तिकडच्या तिकिटाच्या खिडकीवर पाच रुपयांचं तिकीट काढलं आणि आले." आधीच्या तिकिटावर उलट दिशेला येणं बरोबर नाही, हे तिला सुचलं होतं. एवढ्या घाबरलेल्या अवस्थेत मला ते सुचलं नसतं. मी तिला आधी रागावले, मग फुलवाल्या बाईंकडून दोन गजरे घेतले. एकाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

माहीमला पोहोचेपर्यंत असरची वेळ होत आली होती. इथल्या मखदूम अली माहिमींच्या मजारीवर जाण्याबद्दल आपल्यात मतं वेगवेगळी आहेत, त्या वादात मी पडत नाही. पण ते मोठे आलिम होते. जन्म १३७२, इंतकाल १४३१, आणि कुरआनची अरबी तफसीर लिहिणारा हा कोकणचा माणूस होता, एवढं मुलांना ठाऊक असावं म्हणून मी त्यांना मुद्दाम आणलं. त्यांच्या काळी फोर्ट नव्हता, चर्चगेट नव्हतं. या बेटांवरचं महत्त्वाचं ठाणं माहीमच. इथून वांद्र्याला जायला १८४५ पर्यंत होडीच होती. लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसा दिला तेव्हा खाडीवर बांध झाला.

"म्हणजे मध्य सरकत गेला," धाकटा म्हणाला. "आधी माहीम, मग चर्च. आता?"

"आता दादर," आपा म्हणाली. मी मान हलवली. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती पाहून कोणी दुसरं काही म्हणेल. म्हणू दे.

दुसऱ्या दिवशी होस्टेलात सामान लावून झाल्यावर तिने आम्हाला सोडायला मुंबई सेंट्रलला येण्याचा हट्ट धरला. एसटी सुटायला वेळ होता. मीच तिला म्हटलं, "अंधार पडायच्या आत तू नीघ." नागपाड्याहून भायखळ्याकडे जाणारी बस आली. तिने लांबूनच आकडा वाचला आणि हात केला. मुठीत दहाची नोट आधीच होती.