दुसऱ्या खिडकीतली राणी

पणजीपासून दहा किलोमीटरवर जुनं गोवं आहे. सहलीला गेलेली मुलं तिथली दोन मोठी चर्च बघतात आणि बसमध्ये जाऊन बसतात. पण जवळच्याच टेकडीवर जांभ्या दगडाचा एक पडका मनोरा उभा आहे. उंची तब्बल ४६ मीटर! हा मनोरा १६०२ साली बांधून झालेल्या संत ऑगस्टीन चर्चचा. तिथल्या ढिगाऱ्यात एका परदेशी राणीचं हाड सापडलं, बरं का!

राणी कोण?

तिचं नाव केतेवान. काळ्या समुद्राकाठी जॉर्जिया देश आहे. तिथल्या काखेती राज्याची ती राणी. इराणच्या शाह अब्बासनं तिला शिराझ शहरात सुमारे दहा वर्षं अडकवून ठेवलं. धर्म बदलायला ती तयार होईना, म्हणून १६२४ मध्ये तिला हालहाल करून मारलं. ऑगस्टीन पंथाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंनी तिच्या अस्थी जपल्या आणि १६२७ मध्ये त्यातल्या काही गोव्याला आणल्या. जॉर्जियाचे लोक तिला संत मानतात.

खिडकीचा पत्ता

पोर्तुगीज कागदपत्रांत एक खूण होती : मठातल्या सभेच्या खोलीत, दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटी. सोपं वाटलं ना? पण खिडकी होती कुठे! १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भागही ढासळला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शोध सुरू झाला. भारतीय पुरातत्त्व खात्यानं खणत खणत मठाचा नकाशा जुळवला आणि २००४ मध्ये त्या खिडकीजवळ हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला.

हाड बोललं!

पण ते राणीचंच कशावरून? मठात इतरांच्याही अस्थी होत्या. मग हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी हाडातला डीएनए तपासला. डीएनएचा एक भाग आपल्याला फक्त आईकडून मिळतो. आईला तिच्या आईकडून, तिला पणजीकडून... त्यावरून घराण्याचा माग लागतो. हाडातली खूण भारतातल्या २२ हजारांहून जास्त लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहिली. एकातही ती सापडली नाही! जॉर्जियातल्या काही लोकांत मात्र सापडली. २०१३ च्या अखेरीस निष्कर्ष आला. त्यातही शास्त्रज्ञांनी 'हाड बहुधा राणीचंच' असंच म्हटलं. जेवढा पुरावा तेवढंच बोलायचं, हा त्यांचा नियम!

जुलै २०२१ मध्ये भारतानं या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी घरी पोचली.

तेव्हा मुलांनो, जुन्या गोव्याला गेलात तर आईबाबांना घेऊन टेकडी नक्की चढा आणि ती खोली शोधा. पडक्या मनोऱ्यात घंटा मात्र दिसणार नाही. ती आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते!