टायर मोठे झाले, गाडीला कुणी सांगितलं?

दिल्ली-नोएडा-गुरुग्रामच्या रस्त्यांवर उंच, रुंद टायरांच्या गाड्यांची फॅशन जोरात आहे. पण टायर बदलला की गाडीतल्या कॉम्प्युटरचं गणित चुकतं आणि काटा खोटं बोलू लागतो, हे किती जणांना ठाऊक असतं?

नोएडात राहणाऱ्या एका परिचित मराठी कुटुंबाची ही गोष्ट. गृहस्थांनी हौसेनं जीपच्या घाटाची दणकट गाडी घेतली. सहा महिन्यांत कंपनीचे टायर त्यांना किडमिडीत वाटू लागले. दिल्लीतल्या एका दुकानात त्यांनी चांगले गलेलठ्ठ टायर चढवले. मडगार्डला घासू नयेत म्हणून गाडी थोडी उचलूनही घेतली. "सर जी, अब लगी ना गाडी!" असं दुकानदार म्हणाला आणि जुने टायर त्यानं बदल्यात ठेवून घेतले.

दिवाळीच्या सुट्टीत मंडळी यमुना एक्स्प्रेस वेनं आग्र्याला निघाली. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा रस्ता २०१२ मध्ये सुरू झाला. इथे छोट्या गाड्यांना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि अलीकडच्या हिवाळ्यांत धुक्यामुळे ती ७५वर आणली जाते. जागोजागी कॅमेरे आहेत. गृहस्थ शिस्तीचे. काटा बरोबर १००वर ठेवून निवांत चालले होते. शेजारी बसलेल्या बायकोनं मोबाइलवर रस्त्याचा नकाशा लावला होता.

"अहो, फोन १०६ दाखवतोय."

"फोनचं काय खरं धरतेस? गाडीचा काटा बघ ना."

मागे बसलेली नववीतली मुलगी मात्र गप्प राहिली नाही. तिनं घड्याळ काढलं आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे फलक मोजायला सुरुवात केली. वेग ताशी १०० असेल तर दहा किलोमीटरना सहा मिनिटं लागायला हवीत. लागली ५ मिनिटं ४० सेकंद. भागाकार करून ती म्हणाली, "बाबा, फोन बरोबर आहे. १०६!"

गाडी नवी, सेवाकेंद्रात वेळच्या वेळी जाणारी. मग काटा चुकला कसा?

खरं तर काटा चुकला नव्हता. त्याला जे सांगितलं होतं तेच तो दाखवत होता. गाडी रस्ता मोजत नाही, ती चाकाचे फेरे मोजते. चाकाच्या आत एक दातेरी कडं असतं आणि शेजारी एक सेन्सर. कडं फिरलं की प्रत्येक दात्यागणिक सेन्सरमधून विजेचा एक ठोका जातो. अमुक इतके ठोके म्हणजे अमुक इतके मीटर, हा हिशेब कारखान्यातच कॉम्प्युटरमध्ये भरलेला असतो. तो भरताना अर्थातच कंपनीच्या टायरचा घेर धरलेला असतो. नंतर तुम्ही टायर बदललात हे त्या कॉम्प्युटरला कळायला मार्ग नाही. कुणीतरी त्याला सांगावं लागतं.

पूर्वी हे काम बिनविजेचं होतं. अ‍ॅम्बॅसॅडरच्या जमान्यात गिअरबॉक्समधून निघालेली एक केबल थेट मीटरपर्यंत जायची. केबलच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असे. दात्यांची संख्या बदलली की मीटरची चाल बदलायची. आता त्या छोट्या चाकाची जागा कॉम्प्युटरमधल्या एका आकड्यानं घेतली आहे, एवढाच फरक. पण तो आकडा हाताला लागत नाही, ही मोठी अडचण!

आपल्या गृहस्थांच्या टायरचा हिशेब करून पाहू. कंपनीच्या टायरवर लिहिलं होतं २४५/७५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. शेवटचा १६ हा आतल्या रिमचा व्यास, इंचात. (एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा त्रिवेणी संगम का केला, ते टायरवाल्यांनाच ठाऊक.) बेरीज केली की व्यास येतो सुमारे ७७४ मिलिमीटर. नवा टायर होता २८५/७५ आर १६. त्याचा व्यास ८३४. वाढ फक्त सहा सेंटिमीटरची. डोळ्यांना भरणारी, पण काही अघोरी नाही.

आता घेर बघा. जुना टायर एका फेऱ्यात सुमारे २ मीटर ४३ सेंटिमीटर चालायचा, नवा चालतो २ मीटर ६२. पूर्वी किलोमीटरभर जायला ४११ फेरे लागत. कॉम्प्युटर अजूनही ४११ फेरे झाले की एक किलोमीटर लिहितो. प्रत्यक्षात तोवर गाडी १०७७ मीटर गेलेली असते. म्हणजे पावणेआठ टक्क्यांची चूक. मग फोनवर १०८ऐवजी १०६ का दिसले? कारण बहुतेक कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. अनेक देशांनी स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा नियमच आहे की, काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये; जास्त दाखवला तर काही प्रमाणात चालेल. सुरक्षेसाठी ठेवलेली ही शिल्लक मोठ्या टायरांनी खाऊन टाकली आणि वर कर्ज काढलं.

पाच-सहा किलोमीटरनं असं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते ब्रेक दाबल्यावर. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. वेग पावणेआठ टक्के वाढला तर अंतर वाढतं सुमारे १६ टक्के. ज्या गाडीला थांबायला ५० मीटर पुरत होते, तिला आता ५८ मीटर लागतात. काट्यावर मात्र तोच जुना आकडा. त्यात मोठा टायर वजनानं जड, आणि व्यास वाढल्यामुळे ब्रेकची पकडही त्याच मापानं कमी पडते. चालवणाऱ्याचा पाय जुन्या सवयीनं अंतर जोखत असतो. धुक्यात पुढे एखादा ट्रक उभा असेल, तर त्या आठ मीटरांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या मोटारींत ८०च्या पुढे गेलं की टुंग-टुंग वाजतं आणि १२०नंतर ते थांबतच नाही. तुमच्या-आमच्या घरातल्या मुलांना हा आवाज चांगला परिचयाचा आहे. त्याचाही हिशेब त्याच ठोक्यांवर चालतो. टायर मोठा केला की ८०ची सूचना येते ८६ला. कॅमेऱ्याला मात्र टायरशी देणंघेणं नसतं. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल छोट्या गाडीला कायद्यानं एक ते दोन हजारांचा दंड आहे. "माझा काटा १००वरच होता" हे उत्तर तिथे चालत नाही.

गृहिणींच्या हिशेबातही एक गंमत होते. या गृहस्थांची कुरकूर होती की, टायर बदलल्यापासून गाडी पेट्रोल फार पिते. थोडी पिते हे खरं. जड चाक फिरवायला ताकद जास्त लागते. पण ५० लिटरमध्ये गाडी खरोखर ६०० किलोमीटर गेली तरी मीटरवर उमटतात ५५७. म्हणजे १२चा अ‍ॅव्हरेज कागदावर ११ होतो. निम्मा दोष गाडीचा नसून आकड्याचा! उलट तेल बदलायची वेळ उशिरा येते, कारण मीटरवर दहा हजार होतात तेव्हा गाडी पावणेअकरा हजार चाललेली असते. जुनी गाडी विकत घेताना हे ध्यानात ठेवावं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर बहुधा टायरचा मूळ आकार छापलेला स्टिकर असतो. तो आणि चाकावरचा आकडा जुळत नसेल, तर मीटरवरच्या किलोमीटरांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

ट्रकवाल्यांचा मामला आणखी गंभीर. १ ऑक्टोबर २०१५नंतर बनलेल्या बहुतेक मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरवर अडवणारं यंत्र सक्तीचं झालं. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात उभ्या असलेल्या ट्रकांपैकी कितीतरींमध्ये ते असेल. तेही ठोकेच मोजतं. टायर एक नंबर मोठा चढवला की ८०चा लगाम आपोआप सैल पडतो, कुणी यंत्राला हात न लावताही. युरोपात यावर पक्का बंदोबस्त आहे. तिथल्या ट्रकमध्ये वेग, अंतर आणि ड्रायव्हरच्या विश्रांतीची नोंद ठेवणारा टॅकोग्राफ असतो. दर दोन वर्षांनी त्याची तपासणी होते, आणि टायरचा घेर बदलला तर मधेही नव्यानं मोजणी करून घ्यावी लागते. घेर किती मिलिमीटर धरला, हे गाडीत पट्टी लावून लिहून ठेवतात.

आपल्याकडे अशी शिस्त दिसते ती रिक्षा-टॅक्सीच्या मीटरपुरती. मुंबईकरांना 'कॅलिब्रेशन' हा शब्द तिथूनच ठाऊक. १ फेब्रुवारी २०२५ला रिक्षाचं किमान भाडं २३वरून २६ रुपये झालं, तेव्हा मीटर नव्यानं लावून घ्यायला रांगा लागल्याच होत्या. पैशाचा प्रश्न आला की मीटर तपासलं जातं. जिवाच्या प्रश्नाला मात्र कुणी वाली नाही, असं म्हणावंसं वाटतं.

आग्र्याहून परतल्यावर गृहस्थ थेट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. "कॉम्प्युटरला नवा टायर सांगा." डॅशबोर्डखाली एक सॉकेट असतं, त्याला स्कॅनर जोडून गाडीतले अनेक आकडे वाचता येतात आणि काही बदलताही येतात. अमेरिकेत मोठ्या पिकअप गाड्यांचे मालक बाजारातून छोटं यंत्र आणून टायरचा नवा आकार घरच्या घरी भरतात. इथल्या तंत्रज्ञानं मात्र मान हलवली. त्याच्या स्कॅनरमध्ये कंपनीनं मान्य केलेल्या आकारांचीच यादी होती. २८५ त्यात नव्हता. यादीबाहेरचा आकडा भरायची सोयच नव्हती.

मग एका दुकानदारानं तोडगा सुचवला: सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये बसवायची डबी. ती ठोके मधेच पकडून वाढवून पुढे पाठवते. काटा सरळ होतो. पण ब्रेक सांभाळणारं एबीएस, घसरण रोखणारी व्यवस्था, आपोआप बदलणारे गिअर हे सगळे त्याच सेन्सरकडून आपापली बातमी घेत असतात. एकाला दुरुस्त आकडा आणि बाकीच्यांना जुना, असं झालं तर घरात दोन घड्याळं दोन वेळा दाखवल्यासारखं होतं. वर, कॉम्प्युटरला आकडा सांगितला तरी इंजिनाची ओढ काही परत येत नाही. मोठ्या चाकामुळे प्रत्येक गिअर जड होतो. त्यासाठी अमेरिकेतले हौशी लोक मागच्या आसातले गिअरच बदलतात. एवढं करायचं तर दुसरी गाडी घेतलेली बरी!

निदान चारही चाकं सारखी होती, हे एक बरं. काही जण दोनच टायर मोठे चढवतात किंवा स्टेपनी जुनीच ठेवतात. एबीएस चारही चाकांच्या फेऱ्यांची एकमेकांशी तुलना करत असतं. एक चाक सतत वेगळं फिरताना दिसलं की ते घसरतंय असा त्याचा समज होऊ शकतो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर त्यामुळे गिअरच्या भागांवर ताण येतो.

कायद्याची बाजूही गृहस्थांना उशिरा कळली. मोटार वाहन कायदा, १९८८च्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा ठरेल असा फेरफार करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफारासाठी पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, तो वेगळाच. नव्या मॉडेलला रस्त्यावर येण्यापूर्वी मानेसरच्या आयकॅट किंवा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत चाचण्या द्याव्या लागतात. ब्रेकची परीक्षा तिथे ठरलेल्या टायरांवर होते. आपण दुकानात अर्ध्या तासात तो पेपरच बदलून टाकतो.

थोडासा बदल करायचाच असेल तर? जाणकार कारागीर तीन टक्क्यांचा आडाखा सांगतात. व्यासातला फरक त्याच्या आत राहिला पाहिजे. त्याहून चांगलं म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला कंपनी स्वतः जो आकार देते तो घ्यावा. तो स्कॅनरच्या यादीत असण्याची शक्यता जास्त. आपल्या गाडीचा हिशेब घरीही तपासता येतो. टायरमध्ये योग्य हवा भरा, नेहमीइतकी माणसं गाडीत बसवा. टायरवर आणि खाली फरशीवर खडूनं खूण करा, गाडी हळूच एक पूर्ण फेरा ढकला आणि टेपनं मोजा. सोसायटीच्या पार्किंगमधलं दहा मिनिटांचं काम आहे. मुलांना वर्तुळाचा परीघही कायमचा समजतो.

गृहस्थांनी शेवटी पुन्हा २४५चे टायर घेतले. जुने दुकानदाराकडे गेलेले, त्यामुळे नवे चार विकत घ्यावे लागले. मोठे टायर पडत्या भावात गेले. मार्चमध्ये मंडळी पुन्हा आग्र्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा मुलीनं घड्याळ हातातच धरलं होतं. काटा १००वर. दहा किलोमीटरना ६ मिनिटं ६ सेकंद.